पगार नाकारणारी पलटण

अमेरिकेतील यादवी युद्ध (१८६१-६५) म्हटले की अब्राहम लिंकन आठवतो. त्याने गुलामांना मुक्त केले, एवढे वाक्य उत्तरपत्रिकेत लिहिले की आपले काम भागते. पण ज्यांच्या मुक्तीसाठी हे चालले होते ती माणसे त्या वेळी काय करीत होती, हा प्रश्न मला पडला. ग्रंथालयात शोधता शोधता ५४ व्या मॅसॅच्युसेट्स या स्वयंसेवक पायदळ पलटणीची हकीकत हाती लागली.

१ जानेवारी १८६३ च्या मुक्तीच्या जाहीरनाम्याने कृष्णवर्णीयांना सैन्यात घेण्याची वाट मोकळी झाली आणि मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर जॉन अँड्र्यू यांनी ही पलटण उभारली. त्या राज्यात कृष्णवर्णीयांची वस्ती थोडी, म्हणून उत्तरेतील अनेक राज्यांतून माणसे आली. शेतकरी, मजूर, खलाशी, न्हावी असे हे लोक. बहुतेक जण स्वतंत्र होते, काही पूर्वीचे गुलाम. गुलामीतून निसटून आलेले प्रसिद्ध वक्ते फ्रेडरिक डग्लस यांनी भरतीसाठी गावोगाव भाषणे केली आणि आपले दोन मुलगे, लुईस व चार्ल्स, पलटणीत घातले. अधिकारी मात्र गोरेच नेमले गेले. कर्नल रॉबर्ट गूल्ड शॉ अवघा पंचवीस वर्षांचा होता. २८ मे १८६३ रोजी पलटण बोस्टनहून जहाजाने दक्षिणेकडे निघाली.

१८ जुलैच्या संध्याकाळी चार्ल्सटन बंदराजवळच्या वॅग्नर किल्ल्यावर तिने हल्ला चढविला. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला दलदल, मधे वाळूची अरुंद पट्टी. सुमारे सहाशे जण पुढे गेले. त्यांपैकी जवळजवळ दोनशे सत्तर जण ठार, जखमी वा बेपत्ता झाले. शॉ तटावरच पडला. अपमान म्हणून शत्रूने त्याला त्याच्या सैनिकांबरोबर एकाच खड्ड्यात पुरले. त्याच्या वडिलांनी मात्र तो तेथेच राहू द्यावा असे कळविले. किल्ला त्या दिवशी पडला नाही. पण कृष्णवर्णीय माणूस लढू शकत नाही, असे म्हणणाऱ्यांची तोंडे बंद झाली.

बहुतेक पुस्तके या लढाईपाशी थांबतात. मला मात्र त्यापुढची लढाई अधिक मोठी वाटते. ती पगाराची होती.

भरतीच्या वेळी इतर सैनिकांइतकाच पगार देण्याचे वचन दिले होते. गोऱ्या शिपायाला महिना तेरा डॉलर आणि वर कपडे. पण सरकारने १८६२ च्या एका कायद्यावर बोट ठेवले. तो कायदा कृष्णवर्णीयांना खंदक खणणारे मजूर समजून केलेला होता. त्याप्रमाणे त्यांना दहा डॉलर, आणि त्यांतून कपड्यांचे तीन कापून हातात सात! पलटणीने ते सात डॉलर घेण्याचे नाकारले. मॅसॅच्युसेट्स राज्याने उरलेली रक्कम आपल्या तिजोरीतून भरून देण्याचे ठरविले, तेही त्यांनी घेतले नाही. आम्हांला दान नको, सैनिक म्हणून मोजा, एवढाच त्यांचा आग्रह.

आमच्या घरचा आठवड्याचा बाजार त्या आठवड्याच्या मजुरीवर होतो. एक आठवडा ती हाती आली नाही तर चुलीपाशी काय होते, हे मला कोणी शिकवायला नको. या माणसांनी जवळजवळ दीड वर्ष एक पैसाही घेतला नाही, आणि घरून बायकामुलांच्या हालाची पत्रे येत होती. तरीही ते लढत राहिले. फेब्रुवारी १८६४ मध्ये फ्लोरिडातील ओलस्टी येथे उत्तरेचे सैन्य मागे हटले, तेव्हा पिछाडी सांभाळणाऱ्यांत हेच होते. जखमींच्या गाडीचे इंजिन बिघडले, तर दोर बांधून त्यांनी ती हातांनी ओढून नेली.

जेम्स हेन्री गुडिंग या कॉर्पोरलने सप्टेंबर १८६३ मध्ये थेट लिंकनला पत्र लिहिले होते. आम्ही सैनिक आहोत की मजूर, हा त्याचा प्रश्न. जून १८६४ मध्ये काँग्रेसने समान वेतन मान्य केले, पण त्यातही एक मेख होती. १९ एप्रिल १८६१ रोजी जे स्वतंत्र होते त्यांनाच ते पूर्वीपासून मिळणार. मग पूर्वीच्या गुलामांनी काय करावे? शॉनंतरचे कर्नल एडवर्ड हॅलोवेल यांनी युक्ती काढली. त्या तारखेला मी कोणाही माणसाला फुकट श्रमाचे देणे लागत नव्हतो, अशी शपथ प्रत्येकाने घ्यायची. कायद्याने गुलाम असलेला माणूसही ही शपथ खरेपणाने घेऊ शकत होता, कारण ईश्वराच्या दरबारात तो कोणाचे काहीच देणे लागत नव्हता. शरद ऋतूत पगार हाती आला. गुडिंग तोवर राहिला नव्हता. ओलस्टीला पकडला जाऊन तो जुलैमध्ये अँडरसनव्हिलच्या बंदिछावणीत मेला.

जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये आपले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केले. ती अर्पणपत्रिका मी आता वाचतो तेव्हा मुक्त करणाऱ्यांत या सैनिकांनाही धरतो.

पुढे हनी हिल आणि बॉयकिन्स मिल येथे पलटण लढली आणि १८६५ मध्ये विसर्जित झाली. वॅग्नरच्या तटावरून अनेक जखमा अंगावर घेऊन निशाण परत आणणाऱ्या सार्जंट विल्यम कार्नीला त्या पराक्रमाबद्दल राष्ट्राचे सर्वोच्च पदक मिळाले ते १९०० साली.