बेताच्या रकमेत खेळांचा संगणक

प्रश्न : मी अंबाजोगाईत महाविद्यालयात शिकतो. थोड्या पैशांत खेळांसाठी संगणक जुळवायचा आहे. खर्च कशावर करावा?

उत्तर : खेळातील दृश्यांची गती मुख्यत्वेकरून ग्राफिक्स कार्डावर अवलंबून असल्याने रकमेचा सर्वांत मोठा हिस्सा त्याकरिता राखून ठेवावा, आणि महागड्या प्रोसेसरचा हव्यास धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. १०८० पिक्सेलच्या पडद्यासाठी रायझन ५ ५६०० हा प्रोसेसर व ८ जीबीचे रेडिऑन आरएक्स ६६०० कार्ड ही जोडी, जुनी असली तरी, बहुतेक खेळांना पुरते. तूर्त तेवढी तजवीज नसेल तर ५६००जी घ्यावा; ग्राफिक्सची सोय त्यात अंतर्भूत असल्याने कार्ड सवडीने बसवता येते. मात्र ती सोय मुख्य रॅमच वापरते आणि दोन पट्ट्या जोडीने चालल्या की रॅमची गती वाढते, म्हणून १६ जीबीची एक पट्टी न घेता ८ जीबीच्या दोन घ्याव्यात.

आता ज्या भागाकडे नवखा ग्राहक हटकून दुर्लक्ष करतो, त्याविषयी. मराठवाड्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, विजेचा दाबही अनेकदा स्थिर नसतो. अशा ठिकाणी कॅबिनेटबरोबर येणारा निनावी पॉवर सप्लाय बिघडला, तर तो मदरबोर्ड व कार्ड यांनाही आपल्याबरोबर निकामी करू शकतो. यास्तव नामांकित कंपनीचा, ५५० वॉटचा, ब्राँझ प्रमाणपत्राचा सप्लाय घ्यावा. कॅबिनेट जाळीदार असावे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून वापरलेले कार्ड आणणार असाल, तर ते अर्धा तास पूर्ण भाराखाली चालवून पाहिल्याखेरीज पैसे मोजू नका.