बुजऱ्या घोड्याचा भरवसा



बैल कसा सांभाळावा हे आपल्याकडे पोरांनाही ठाऊक असते. घोड्याचे तसे नाही. ज्या घरी छकड्यासाठी किंवा टांग्यासाठी घोडे आहे, तिथेही पुष्कळदा त्याला बैलासारखेच वागवतात. ते बुजू लागले की 'खोडसाळ आहे' म्हणून चाबूक तरी बसतो, नाहीतर बाजाराची वाट तरी दाखवली जाते.

ही चूक आम्हीही केली आहे. आमच्या घरी एक कुमैत घोडी आणली होती. एकदा ओढ्यावरच्या मोरीजवळ वाऱ्याने फडफडणारे पांढरे पोते पाहून ती अडली. आम्ही चाबूक ओढला. ती बुजून मागे सरली आणि गाडीचे एक चाक मोरीच्या कडेवरून खाली गेले. गाडीत आमचा धाकटा होता. देवाच्या कृपेने तो वाचला. पण पुढे पोते नसले तरी त्या मोरीशी घोडीला घाम सुटू लागला. 'या जागी मार बसतो' एवढेच आम्ही तिला शिकवले होते.

घोडा का बुजतो?

घोडा हा पळून जीव वाचवणारा प्राणी आहे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला आजूबाजूचे खूप दिसते. पण अगदी कपाळापुढचे आणि शेपटीमागचे दिसत नाही. म्हणून त्याच्याकडे समोरून वा मागून जाऊ नये. बोलत बोलत, तिरके, खांद्याच्या बाजूने जावे. मुलांना हे आधी शिकवावे.

चांगले असलेले घोडे अचानक बुजू लागले, तर आधी दुखणे शोधावे. सामानाखालची जखम, खुरात रुतलेला खडा, दातांची टोके, अधू झालेला डोळा यांपैकी काही असेल, तर कितीही शिकवले तरी भीती जाणार नाही.

रोजची निगा

घोड्याचे पोट लहान असते आणि त्याला ओकारी होत नाही. त्यामुळे एकदम भरपूर न घालता थोडे थोडे, पुष्कळदा घालावे. सुमारे 300 किलो वजनाच्या घोड्याला दिवसाला साधारण 6 किलो कोरडा चारा लागतो. चंदी दोन-तीन वेळांत वाटून द्यावी आणि हरभरा भिजवूनच घालावा. बुरशी आलेला कडबा किंवा कोवळी हिरवी ज्वारी मुळीच घालू नये. पाणी दिवसाला 25 ते 40 लिटर लागते. उन्हाळ्यात व कामाच्या दिवसांत त्याहून जास्त. खुरे रोज साफ करावीत आणि सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाला दाखवावीत. धनुर्वाताची लस टोचून घ्यावी.

घोडा वळून पोटाकडे पाहू लागला, पाय आपटू वा लोळू लागला, लीद टाकेनासा झाला, तर तो पोटशूळ समजावा. तोंडाने काहीही न पाजता ताबडतोब जनावरांच्या डॉक्टरांना बोलवावे.

भीती घालवण्याची रीत

ही निगा हीच भरवशाची शाळा आहे. रोज ठरल्या वेळी, शक्यतो एकाच माणसाने खरारा करावा. मान पाठीला मिळते त्या उंचवट्याजवळ खाजवले की घोडा शांत होतो. तिथे खाजवल्याने त्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात, असे 1993 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले आहे. हात लावताच तो अंग चोरू लागला, तर तिथेच थांबावे. तो क्षणभर स्थिर राहिला, मान खाली केली, ओठ सैल सोडले, की लगेच हात काढून घ्यावा. स्थिर राहिले की त्रास थांबतो, हे तो यातूनच शिकतो. रोज दहा-पंधरा मिनिटे पुरेत.

ज्या वस्तूला तो भितो ती लांब ठेवावी, तो शांत राहील इतकी लांब. मग दिवसादिवसाने जवळ आणावी. आपण स्वतः तिला हात लावून दाखवावा. रागात घोड्याशी वागू नये आणि भ्यालेल्याला मारू नये, असे झेनोफोन या ग्रीक लेखकाने सुमारे 2,400 वर्षांपूर्वी लिहून ठेवले. मार बसला की त्या वस्तूबरोबर दुखणेही येते, असे घोड्याला वाटते, हे त्याने ओळखले होते.

आम्ही मग गाडी न जुंपता घोडीला नुसत्या दोरीने मोरीकडे नेऊ लागलो. पहिल्या दिवशी पन्नास पावलांवर थांबलो, खाजवले आणि परत फिरलो. असे करत करत मोरी ओलांडायला जवळजवळ दोन महिने लागले. शेजारी हसले. आज मोरी आली की ती कान टवकारते, आमचा आवाज ऐकते आणि पुढे पाऊल टाकते.

तेव्हा बंधूंनो, घोडे विकण्याआधी किंवा चाबूक उचलण्याआधी त्याला दोन महिने देऊन पाहा. गाडीत आपलीच लेकरे बसलेली असतात.