कॅमेऱ्यात आलंच असेल!

सोलापुरात कुठंही धडक झाली की बघ्यांपैकी कुणीतरी वर बोट दाखवतं : ‘कॅमेरा हाय की, आलंच असेल त्यात.’ माझ्या थोरल्या मेहुण्यांच्या दुचाकीला होटगी रस्त्यावर टेम्पोनं मागून ठोकरलं आणि टेम्पोवाला न थांबता निघून गेला, तेव्हा या वाक्यानं आम्हाला धीर दिला. नको इतका. मांडीचं हाड मोडलेलं, सगळे दवाखान्यात. फुटेज कुठं पळून चाललंय, असं जो तो म्हणे.

पळून जातं. कॅमेऱ्याचं चित्रण साठवणाऱ्या डीव्हीआरची हार्ड डिस्क भरली की जुन्यावर नवं चढत राहतं; कुठं महिन्यानं, कुठं आठवड्यातच. आम्ही पोहोचलो तोवर दोन दुकानांतलं पुसलं गेलं होतं. चौकातल्या कॅमेऱ्याचं तोंड सिग्नलकडे, धडक त्याच्या पाठीमागं. एका हार्डवेअरवाल्याकडे टेम्पो दिसला, तोही त्याच्या डीव्हीआरचं घड्याळ पाऊण तास पुढं आहे हे कळल्यावर. नंबरप्लेटच्या जागी हेडलाइटचा नुसता पांढरा भपका.

गंमत अशी, की ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत आलेल्या १६७अ या नियमात मोक्याच्या चौकांवर कॅमेरे बसवण्यासाठी १३२ शहरांची यादी आहे, तीत सोलापूरही आहे. त्या कॅमेऱ्यानं हेल्मेटचं चलन फाडलं, तर ते निकाली निघेपर्यंत पुरावा जपून ठेवायचा, असं तोच नियम सांगतो. अपघाताचं फुटेज मात्र कुणी वेळेत मागितलं तरच वाचतं.

म्हणून त्याच दिवशी घरातला एक माणूस दवाखान्यातून मोकळा करा. गाडी ज्या दिशेनं पळाली तिकडं त्यानं चालत जावं. धडक कॅमेऱ्यात नसली तरी पुढच्या पेट्रोल पंपावर, लॉजवर किंवा गतिरोधकाजवळच्या मेडिकलवर नंबर सापडू शकतो. दुकानदाराला दम देऊ नका. तो कोर्टाच्या फेऱ्यांना आधीच घाबरलेला असतो. ‘मालक, एवढ्या तासाभराचं फुटेज पुसू देऊ नका,’ इतकंच म्हणा. पडद्यावरची वेळ आणि आपल्या मोबाइलमधली वेळ ताडून लिहून ठेवा. मग पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या : कुठले कॅमेरे, किती ते किती वाजेपर्यंतचं फुटेज. पोच घेतल्याशिवाय उठू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली पोलिसांना ते फुटेज मागवता येतं.

मोबाइलवर पडद्याचं केलेलं शूटिंग शोधायला कामी येतं, कोर्टात नाही. मूळ यंत्र हजर करणार नसाल, तर प्रतीसोबत प्रमाणपत्र लागतं; पूर्वी साक्ष पुरावा कायद्याचं कलम ६५ब, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं ६३. जालन्याच्या निवडणुकीवरून झालेल्या खोतकर-गोरंट्याल खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये हे प्रमाणपत्र बंधनकारकच ठरवलं. तो खटलाही कॅमेऱ्याच्या चित्रणावरूनच रंगला होता.

आणि गाडी सापडलीच नाही तर? १ एप्रिल २०२२ पासून धडक देऊन पळालेल्या वाहनांसाठी केंद्राची भरपाई योजना आहे : मृत्यूला २ लाख, गंभीर दुखापतीला ५० हजार रुपये. अर्ज प्रांत किंवा तहसील कार्यालयात चौकशी करून द्यायचा. ही योजना आम्हाला एका ओळखीच्या वकिलांनी सांगितली, दवाखान्यात कुणी नाही. मेहुण्यांच्या अर्जाला फुटेज लागलं नाही. एफआयआरची प्रत, उपचाराचे कागद आणि बँकेचं पासबुक लागलं.