लकवा टाळायचा तर घरातले मीठ मोजा



काल औत हाकणारा माणूस आज खाटेला खिळतो. गावात म्हणतात, "अंगावरून वारे गेले." पण हे वारे बाहेरून येत नाही. मेंदूला रक्त पुरविणारी नळी बुजते किंवा फुटते, तोच लकवा. प्राणहितेपलीकडे गडचिरोली जिल्ह्यात 'सर्च' संस्थेने 2011 ते 2013 या काळात 86 गावांतील मृत्यूंची कारणे तपासली. दर सात मृत्यूंमागे एक लकव्याने झालेला होता. दुसऱ्या कोणत्याही एका रोगाने इतके बळी घेतले नव्हते.

लकव्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे वाढलेला रक्तदाब. मोटारीचा दाब सतत जास्त राहिला की पाइप कमजोर जागी फुटतो. रक्ताच्या नळीचेही तसेच आहे. जास्त मीठ शरीरात पाणी धरून ठेवते व दाब वाढविते.

मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅम, म्हणजे एक लहान चमचा मीठ पुरे. पाच माणसांच्या घराला महिन्याला पाऊण किलो. मिठाची पुडी फोडाल त्या दिवशी तिच्यावर तारीख लिहा. बैलांचे मीठ वेगळे ठेवा. किलोची पुडी चाळीस दिवसांच्या आत संपली, तर मीठ जास्त होते असे समजा. लोणचे, पापड, सुकी मासळी यांतले मीठ त्याहून निराळे!

घरी असे करा :

1. ताटात वरून मीठ वाढू नका. ठेच्यात मीठ कमी, लसूण व लिंबू जास्त घाला.
2. ज्वारीची भाकरी व तुरीचे वरण सोडू नका. अंबाडी, मेथी, शेवगा, चवळी यांपैकी एक भाजी रोज खा.
3. तेल मोजून वापरा. तळलेले पदार्थ सणापुरते ठेवा.
4. तंबाखू, खर्रा, विडी व दारू सोडा.
5. तिशीनंतर वर्षातून एकदा तरी रक्तदाब तपासा. बरे वाटले म्हणून गोळी स्वतःहून बंद करू नका.

तोंड वाकडे झाले, एक हात लुळा पडला किंवा बोबडी वळली, तर तेल चोळत बसू नका. तोंडात पाणीही घालू नका. ताबडतोब 108 ला फोन करा. पहिले काही तासच मोलाचे असतात.

उपवासकाळात आपण मांस वर्ज्य करतो. त्याबरोबर ताटातले वरचे मीठही सोडू या, आणि ईस्टरनंतर ते पुन्हा घेऊ नये. देवाने दिलेले शरीर सांभाळणे हीसुद्धा भक्तीच आहे.