घरच्या शुश्रूषेचाही हिशेब मांडा

घरात कोणी अंथरुणाला खिळलं असेल, किंवा जन्मापासून प्रत्येक गोष्टीसाठी दुसऱ्याच्या हातावर अवलंबून असेल, तर सरकारी मदतीच्या वाटेला लागणाऱ्या प्रत्येकाला मी अनुभवाने एक गोष्ट बजावून सांगते: महिन्याचं अनुदान सुरू झालं म्हणजे शुश्रूषेची सोय झाली, असं धरून चालू नका. महाराष्ट्रात संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ या योजनांतून 2023 पासून महिन्याला 1,500 रुपये मिळू लागले. दिव्यांगांसाठी 2025 मध्ये ही रक्कम 2,500 झाली. त्यात केंद्राचा वाटा किती? साठीपुढच्यांना 200, ऐंशीपुढच्यांना 500 आणि ऐंशी टक्के दिव्यांगत्व असणाऱ्यांना 300 रुपये, आणि हे आकडे दहा-पंधरा वर्षांहून अधिक काळ जागचे हललेले नाहीत. ही मदत गरिबाच्या पोटासाठी आहे आणि ती हवीच. पण तिच्या अटी नीट वाचा. वय किती, दिव्यांगत्व किती टक्के, घरचं वार्षिक उत्पन्न 21,000 च्या आत, दिव्यांगांसाठी 50,000 च्या आत. या माणसाला उचलतं कोण, रात्री किती वेळा उठावं लागतं, हे कुठेच विचारलेलं नाही. त्यामुळे काठीच्या आधाराने कामावर जाणारा दिव्यांग आणि कूसही बदलू न शकणारा दिव्यांग एकाच रांगेत उभे राहतात आणि दोघांना सारखेच पैसे मिळतात.

आता प्रत्यक्ष काम काय असतं ते पाहू. ज्याला स्वतःहून हलता येत नाही त्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, म्हणजे दिवस-रात्र मिळून बारा वेळा. माकडहाड, टाचा आणि खुबे या तीन ठिकाणची कातडी रोज पाहायची. लाली दिसली आणि ती बोटाने दाबूनही फिकी पडली नाही, तर बेडसोरची सुरुवात झाली असं समजायचं. अंगाखालच्या चादरीची एक सुरकुतीसुद्धा चालत नाही. माणसाला खेचून सरकवलं तर कातडी सोलवटते, म्हणून आडव्या चादरीला दोन्ही बाजूंनी धरून दोघांनी उचलावं लागतं. भरवताना पाठ टेकवून बसवायचं आणि नंतरही अर्धा तास तसंच ठेवायचं, नाहीतर घास श्वासनलिकेत जातो. हे ज्याच्या अंगावर पडतं त्याला, खरं तर बहुतेक घरांत तिला, बाहेरची नोकरी जमत नाही. केंद्राच्या 2024 च्या वेळ-वापर पाहणीनुसार 15 ते 59 वयाच्या 41 टक्के स्त्रिया घरातल्यांची देखभाल करतात आणि त्यावर दिवसाला सुमारे 140 मिनिटं घालवतात. पुरुषांत हे प्रमाण सुमारे 21 टक्के आणि वेळ 74 मिनिटं. यात मुलांचं संगोपनही आलं, तरी भार कोणाकडे झुकतो ते स्पष्ट आहे. शहरात ब्युरोतून बारा तासांची बाई ठेवायची म्हटलं, तर महिन्याचं अनुदान दोन-तीन दिवसांतच संपतं.

माझं म्हणणं थोडक्यात असं की आपल्याकडे सार्वजनिक पैसा गरिबीसाठी आहे, रुग्णालयासाठी आहे; घरातल्या शुश्रूषेसाठी जवळजवळ नाही. आयुष्मान भारतमधून कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, 2024 पासून सत्तरी ओलांडलेल्या सर्वांना उत्पन्नाची अट न लावता मिळतात, पण मुख्यतः दाखल झाल्यावर. जखम चिघळून रुग्णालय गाठलं की विम्याचं दार उघडतं. तीच जखम होऊ नये म्हणून लागणारी हवेची गादी आणि रात्रीचे दोन हात मात्र घरच्यांनी पाहायचे. कायद्यात याची जाणीव नाही असंही नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 24 मध्ये जास्त आधाराची गरज असलेल्या दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्त्याचा स्पष्ट उल्लेख आहे. पण त्याच कलमात सरकारने हे ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ करावं अशी सवलत आहे, आणि त्या सवलतीतच भत्ता अडकून पडला आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: आईबापांचं करणं हे मुलांचं कर्तव्य, त्याचे पैसे कसले मागायचे? कर्तव्य मला मान्यच आहे. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक चरितार्थ कायद्याने ते बंधनकारकही केलं. आईवडिलांना टाकून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पण जो टाकत नाही, नोकरी सोडून उशाशी बसतो, त्याला त्या कायद्याने काय दिलं? कर्तव्य पार पाडणाऱ्याच्या पाठीशी उभं राहिल्याने कर्तव्य हलकं होत नाही. जर्मनीने 1995 मध्ये शुश्रूषा विमा सुरू केला. तिथे गरजेच्या पायरीनुसार घरी येणारी सेवा घ्यायची की रोख रक्कम, हे कुटुंब ठरवतं, आणि पुरेसा वेळ शुश्रूषा करणाऱ्या नातेवाइकाच्या निवृत्तिवेतनाचा हप्ताही विमा भरतो. जपानने 2000 मध्ये असाच विमा आणला, पण रोख रक्कम जाणीवपूर्वक टाळली. हातात पैसे ठेवले की सासू-सासऱ्यांचं सगळं सुनेनेच करायचं हे पक्कं होईल, असं तिथल्या स्त्री संघटनांचं म्हणणं होतं. हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो आणि तो आपल्याला तंतोतंत लागू पडतो. म्हणून नुसता भत्ता मागू नये. आधी घरी येणारी परिचारिका आणि काळजीवाहकाला अधूनमधून सुट्टी, मग भत्ता, असा क्रम हवा.

दुसरा आक्षेप पैशांचा आणि गैरवापराचा. जपान-जर्मनीची तुलना नको असेल तर केरळ पाहा. त्या राज्याने 2008 मध्ये परिहार (पॅलिएटिव्ह) सेवेचं धोरण स्वीकारलं आणि ग्रामपंचायतींमार्फत प्रशिक्षित परिचारिका अंथरुणावरच्या रुग्णांच्या घरी जाऊ लागल्या. ‘आश्वासकिरणम्’ योजनेत काळजीवाहकाला महिन्याला 600 रुपये ठरले. रक्कम तुटपुंजी आहे, ती रखडल्याच्या तक्रारीही आहेत. पण काळजी घेणाऱ्याला स्वतंत्र लाभार्थी मानता येतं हे तिथे सिद्ध झालं. आणि जी परिचारिका जखम धुवायला घरात येते, तिच्या नजरेतून बोगस लाभार्थी सुटणं अवघड. दाखल्यांच्या जाड फाइलपेक्षा ही पडताळणी खात्रीची आहे.

धोरण बदलेपर्यंत काय करायचं? दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि वैश्विक ओळखपत्र हाती येताच प्रकार आणि टक्केवारी तपासा. पुढे सगळं त्यावर ठरतं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम 38 खाली जास्त आधाराची गरज असल्याचा लेखी अर्ज करा आणि आवक शिक्क्याची पोच जपून ठेवा. अर्जच नसतील तर मागणीच नाही असं सरकार म्हणू शकतं. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर राष्ट्रीय न्यासाच्या निरामय विम्यात नाव घाला; एक लाखापर्यंतच्या या विम्यात दाखल न होता घेतलेले उपचार आणि थेरपीही बसतात. मूल अठराचं झालं की पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे जा. ग्रामपंचायत असो वा नगरपालिका, दिव्यांगांसाठी राखायचा 5 टक्के निधी कशावर खर्च झाला हे ग्रामसभेत किंवा नगरसेवकाला लेखी विचारा. त्यातून गाद्या, कमोड खुर्च्या आणि परिचारिकेची फेरी मागा. हयातीचा दाखला वेळेत द्या, एका चुकीने अनुदान थांबतं. दलालाला एक रुपयाही देऊ नका. आणि एक वही घाला: कोण किती वाजता उठलं, काय केलं, किती खर्च झाला.

ती वही अर्जाला जोडा, ग्रामसभेत वाचा, आमदारापुढे ठेवा. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात 29 लाखांहून अधिक दिव्यांग आणि एक कोटीहून अधिक ज्येष्ठ होते. त्यांतल्या अंथरुणावरच्या प्रत्येकामागे कोणीतरी जागत असतं, आणि त्याची नोंद सरकारदरबारी नाही. ती नोंद आपणच करून द्यायची आहे. काळजीवाहकाची मोजणी मागा, भत्ता त्यानंतरच पदरात पडेल.