बुडत्या बँकेला सरकारने हात द्यावा काय?

(द्वितीय वर्ष कला)

गावातले किराणा दुकान बुडाले तर सरकार धावून येत नाही. मग बँक बुडू लागली की सरकारने का धावावे? वर्गात हा प्रश्न निघाला तेव्हा सरळ दोन तट पडले. म्हणून त्याचा थोडा विचार येथे करीत आहे.

बँक आपल्या ठेवी तिजोरीत राखून बसत नाही. थोडी रक्कम हाताशी ठेवून बाकीची ती कर्जाऊ देते. कर्ज फिटायला वर्षे लागतात. बचत खात्यातील पैसा मात्र मागताच द्यावा लागतो. सारे ठेवीदार एकाच दिवशी दारात उभे राहिले तर सुस्थितीतील बँकही डगमगते, आणि ही भीती शेजारच्या बँकेपर्यंत पोचते. दुकान आणि बँक यांत हा मोठा फरक आहे.

अमेरिकेत १५ सप्टेंबर २००८ रोजी लेहमन ब्रदर्सने दिवाळे काढले. सरकारने ती वाचविली नाही. बँकांचा एकमेकींवरील विश्वास उडाला, आणि ऑक्टोबरात ७०० अब्ज डॉलरपर्यंतच्या मदतीचा कायदा करावा लागला. यावर विरोधक विचारतात, नफा भागधारकांचा आणि तोटा जनतेचा, हा कुठला न्याय? शिवाय सरकार तारणारच, हे कळले की बँकचालक बेफिकीर होतात. हा आक्षेप मला रास्त वाटतो.

आपल्याकडे काय घडले? सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले. आरंभी सहा महिन्यांत फक्त एक हजार रुपये काढण्याची मुभा होती. ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन होण्यास जानेवारी २०२२ उजाडला. उलट येस बँकेवर ५ मार्च २०२० रोजी आलेले निर्बंध, स्टेट बँक व इतर बँकांनी भांडवल घातल्यावर, १८ मार्चला उठले. मोठी बँक पडल्यास सर्वांनाच झळ लागते, हे कारण समजते. पण ज्याची आयुष्याची पुंजी अडकली, त्याला बँक लहान की मोठी याने काय फरक पडतो?

तेव्हा माझ्या मते वाचवावा तो ठेवीदार. १९६० साली पलाई सेंट्रल बँक बुडाल्यानंतर १ जानेवारी १९६२ पासून आपल्याकडे ठेवींचा विमा सुरू झाला. तेव्हा त्याची मर्यादा १,५०० रुपये होती. फेब्रुवारी २०२० मध्ये ती पाच लाख झाली. हप्ता बँका भरतात. निर्बंध आल्यास ही रक्कम साधारण ९० दिवसांत मिळावी, अशी तरतूद २०२१ च्या दुरुस्तीने केली. बँक चालू ठेवणे अगदी अटळच असेल तर सरकारने पैसा जरूर घालावा. मात्र आधी भागधारकांनी तोटा सोसावा आणि दोषी संचालकांनी जाब द्यावा.

आमच्यासारख्या कित्येक घरांत पहिले पासबुक आई-वडिलांच्या पिढीने काढले. तो विश्वास अजून कोवळा आहे. तो तुटला तर पैसा पुन्हा डब्यात, भिशीत किंवा सावकाराच्या दारी जाईल. त्याची किंमत कोणत्याही मदतीपेक्षा जास्त असेल.