चाक रंगवलं, पण नटाची जागा चुकली

गणपतीला गावी जायचं म्हणून ऐन श्रावणात मी आमच्या जुन्या गाडीची चारही चाकं घरीच रंगवली. आम्ही कऱ्हाडला राहतो, गाव चिपळूणजवळ. दर पावसाळ्यात कोकणात जाणं-येणं असल्याने लोखंडी रिमच्या कडांना गंज धरला होता. व्हील कॅप काढली की तांबडे पोपडे हातात यायचे.

दोन दिवस मन लावून काम केलं. रेड ऑक्साइडचे दोन हात, चंदेरी रंगाचे तीन, वर क्लिअर लॅकरचे दोन. कुठे गंज राहायला नको म्हणून रिमची पाठ, हबला टेकणारा सपाट भाग आणि नटांची भोकंही रंगवली. चूक झाली ती इथेच.

पाटण मागे पडलं तसं स्टिअरिंग थरथरू लागलं. डाव्या पुढच्या चाकाकडून कट्-कट् असा आवाज यायला लागला. मागच्या सीटवर आई आणि मुलगी, आणि पुढे कुंभार्ली घाट. हेळवाकला पंक्चरचं दुकान दिसलं तशी गाडी थांबवली. दुकानदाराने कॅप काढून पाना लावला. चारपैकी दोन नट जोर न लावताच फिरले आणि तिसरा तर नुसत्या बोटांनी. चाक उतरवून त्याने नट जिथे बसतो ती निमुळती खळगी दाखवली. तिथला रंग चुरडून कडेला गोळा झाला होता.

“काका, तुम्ही नट रंगावर आवळलाय, लोखंडावर नाही,” तो म्हणाला. ते वाक्य अजून कानात आहे.

नट आवळला की बोल्ट किंचित ताणला जातो आणि त्या ताणावरच चाक धरून राहतं. खळगीतला किंवा हबकडचा रंग दाबला गेला की हा ताण उतरतो आणि नट सैल पडतो. कंपनीचा रंग पातळ असतो, भट्टीत भाजून कडक केलेला असतो. आपण मारलेला रंग जाड आणि मऊ. त्यातून पावसाळ्याची दमट हवा, म्हणजे वरून वाळलेला दिसतो आणि आतून ओलाच राहतो. त्या भल्या माणसाने चारही चाकांच्या खळग्या तारेच्या ब्रशने घासून दिल्या, नट नीट आवळले आणि आम्ही सुखरूप घाट उतरलो.

दसऱ्यानंतर कोरड्या हवेत मी तेच काम पुन्हा केलं. तेव्हा पाळलेल्या गोष्टी सांगतो.

गाडी जमिनीवर असतानाच नट थोडे सैल करा, मगच जॅक लावा. नुसत्या जॅकवर गाडी सोडू नका, खाली स्टँड हवाच. चाक साबणाने धुऊन पूर्ण वाळवा. सुटलेला गंज तारेच्या ब्रशने आणि ८० नंबरच्या पेपरने काढा, मग २४० आणि शेवटी ४०० नंबरचा पेपर फिरवा. थिनरच्या फडक्याने तेलकटपणा पुसून घ्या, कारण तेलावर रंग धरत नाही. टायर आणि रिमच्या फटीत जुने पत्ते खोचले की टायरवर रंग उडत नाही. व्हॉल्व्ह आणि बॅलन्सिंगची वजनं टेपने झाका. नटांच्या खळग्या आणि हबला टेकणारा भाग मात्र न विसरता झाका.

स्प्रेचा डबा पंचवीस-तीस सेंटिमीटर लांब धरा. एकच जाड हात मारला की रंग ओघळतो, म्हणून पातळ हात मारा आणि मध्ये दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्या. काम उघड्यावर करा. साध्या कापडी मास्कने थिनरची वाफ अडत नाही, त्यासाठी कार्बन फिल्टरचा मास्क लागतो. किमान चोवीस तास चाक बसवू नका.

अलॉय चाकं असतील तर संडास धुण्याचं ॲसिड लावू नका, ते ॲल्युमिनियम खातं. जुना रंग काढायला ज्योतही लावू नका, उष्णतेने अलॉयची ताकद जाते. रिमला तडा किंवा वाक दिसला तर रंगाने तो झाकू नका, जाणकाराला दाखवा.

चाक बसवताना नट समोरासमोरच्या क्रमाने आवळा आणि शेवटचा जोर मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे टॉर्क रेंचने द्या. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. आता मी कऱ्हाडहून निघालो की पाटणला चहासाठी थांबतो आणि आधी चारही चाकांना पाना लावून पाहतो.

माझ्या चाकांवर कॅपखाली चार उघडी वर्तुळं दिसतात. तिथे थोडा गंज येतो, तो मी ब्रशने घासून काढतो. रंग मात्र तिथे लावत नाही.